शिशाचे विष आणि कामगारांचे शिक्षण

बॅटरी तयार करणाऱ्या कारखान्यात दोन घातक पदार्थ शेजारी शेजारी नांदतात. एक गंधकाम्ल, दुसरे शिसे. गंधकाम्लाविषयी नव्या कामगाराला फारसे सांगावे लागत नाही. एखादा थेंब हातावर उडाला की कातडी चरचरते, सदऱ्याला भोके पडतात, आणि दुसऱ्या दिवसापासून तो माणूस आपण होऊन जपून वागू लागतो. शिशाचे तसे नाही. ते हातात घेतले तर भाजत नाही. त्याला वास नाही. त्याच्या बारीक धुळीने ठसका लागत नाही की डोळे चुरचुरत नाहीत. दिवसभर त्या धुळीत वावरलेला माणूस संध्याकाळी धडधाकट घरी जातो आणि वर्षानुवर्षे तसाच जात राहतो. आम्ल आपला धडा स्वतः देते. शिशाचा धडा मात्र माणसाने माणसाला द्यावा लागतो. शिशाच्या कामात कामगारांच्या शिक्षणाला एवढे महत्त्व आहे ते यामुळे. आणि ते शिक्षण बहुधा नीट दिले जात नाही तेही यामुळेच. ज्या धोक्याची खूण डोळ्यांना दिसत नाही त्यापायी वेळ आणि पैसा खर्च करावा, असे ना मालकाला वाटते ना कामगाराला.

वास्तविक शिसे मराठी माणसाला परके नाही. मारुतीच्या अंगावर चढणारा अस्सल शेंदूर म्हणजे शिसे आणि प्राणवायू यांचे तांबडे संयुग. जुन्या रंगाऱ्यांचा सफेता शिशाचा. औषधी मलमांत घातले जाणारे मुरदाडशिंगही शिशाचेच. कोळ्यांच्या जाळ्यांना बुडते ठेवणाऱ्या गोळ्या शिशाच्या. मराठी आणि संस्कृत ग्रंथांच्या छपाईला ज्याने देखणे रूप दिले तो जावजी दादाजींचा निर्णयसागर छापखाना मुंबईत १८६९ मध्ये निघाला, आणि त्याची कीर्ती ज्या सुबक अक्षरांवर उभी राहिली ती अक्षरेही मुख्यतः शिशाचीच होती. शिशात थोडे अँटिमनी व थोडे कथील मिसळले की अक्षराची धार टिकते, आणि असा रस साच्यात घालून खिळे ओतले जात. शंभर-सव्वाशे वर्षे हजारो जुळाऱ्यांनी हे खिळे बोटांनी उचलले, पट्टीत लावले, छपाई झाल्यावर पुन्हा आपापल्या खणांत टाकले. त्या खणांच्या तळाशी साचणारी करडी धूळ तोंडाने फुंकून उडवू नये, असा दंडक चांगल्या छापखान्यांत असे. तो का घातला आहे हे मात्र क्वचितच कोणी समजावून सांगे. खिळ्यांचे मुद्रण मागे पडले आणि तो प्रश्न आपोआप मिटला. शिक्षणाने मिटला नाही.

शिशाचे इतर दोन मोठे मार्ग कायद्याने बंद झाले. पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळण्याची प्रथा भारतात २००० मध्ये संपली. घरगुती रंगांतील शिशावर २०१६ च्या नियमांनी मर्यादा घातली, आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून ती दशलक्ष भागांत ९० भाग अशी अमलात आली. यामुळे शिशाचा वापर घटला असेल असा समज होणे साहजिक आहे. घडले ते नेमके उलट. आज जगात वापरल्या जाणाऱ्या शिशापैकी ८५ टक्क्यांच्या आसपास शिसे एकट्या बॅटऱ्यांत जाते, आणि मोटारी, दुचाक्या, घरोघरचे इन्व्हर्टर, दूरध्वनीचे मनोरे यांच्याबरोबर बॅटऱ्यांची संख्या वाढतच गेली आहे. महाराष्ट्रात चिंचवड, तळोजे आणि अहिल्यानगर येथे बॅटऱ्यांचे मोठे कारखाने उभे आहेत. पण शिसे तेवढ्याच ठिकाणी आहे असे नव्हे. म्हैसूरहून नंजनगूडच्या वाटेवर असलेल्या कडकोळसारख्या एखाद्या औद्योगिक वसाहतीत उभे राहिले, तर तेथे बॅटरीचा एकही कारखाना नसला तरी माल उचलणाऱ्या गाड्यांच्या बॅटऱ्या असतात, वीज गेल्यावर यंत्रे चालू ठेवणारे संच असतात, डाख लावण्याचे काम असते. त्या बॅटऱ्या कधी ना कधी निकामी होतात आणि कोठेतरी फोडल्या जातात. शिशाचा कामगार कोण, या प्रश्नाचे उत्तर कारखान्याच्या पाटीवरून मिळत नाही.

शिसे शरीरात दोन वाटांनी शिरते: श्वासातून आणि तोंडातून. अखंड कातडीतून धातूरूप शिसे किंवा त्याची नेहमीची भस्मे जवळजवळ शिरत नाहीत, आणि हीच गोष्ट कामगाराला फसवते. हाताला काही होत नाही म्हणून तो हात निरुपद्रवी मानतो, आणि त्याच हाताने घास घेतो. शिसे ३२७ अंशांवर वितळते. रस त्याहून बराच तापला, साधारण ५०० अंशांच्या वर गेला, की त्यातून निघणाऱ्या वाफेचे हवेत अतिसूक्ष्म कण बनतात आणि ते फुप्फुसात खोलवर पोहोचतात. पोटात गेलेल्या शिशापैकी प्रौढ माणसाच्या अंगी थोडाच भाग लागतो. मुलाच्या अंगी निम्म्यापर्यंत लागू शकतो. उपाशीपोटी हे प्रमाण वाढते, आणि आहारात लोह व कॅल्शियम कमी असले तर आणखी वाढते. अर्धपोटी कामावर येणारा मजूर आणि नाश्ता करून येणारा अधिकारी एकाच हवेत उभे राहिले, तरी त्यांच्या वाट्याला येणारे विष सारखे नसते.

रक्तात शिरलेले शिसे सुमारे महिनाभरात निम्मे होते. परंतु ते सगळेच बाहेर पडते असे नाही. त्यातील बराच भाग हाडांत जाऊन बसतो, आणि तेथून निघायला त्याला वीस-पंचवीस वर्षे लागतात. प्रौढाच्या अंगातील शिशापैकी नव्वद टक्क्यांहून अधिक शिसे हाडांतच असते. काम सोडल्यावर कित्येक वर्षांनी, आजारपणात किंवा गरोदरपणात हाडे झिजू लागली की हे साठवलेले शिसे पुन्हा रक्तात उतरते. लक्षणे म्हणाल तर पोटात मुरडा, बद्धकोष्ठ, थकवा, डोकेदुखी, फिकेपणा, चिडचिड, आणि विष फार साठले तर मनगट उचलता न येणे. यांपैकी पहिली पाच-सहा लक्षणे कोणत्याही कष्टकऱ्याला केव्हाही असतातच. तो दवाखान्यात जातो, डॉक्टर पोटाचे औषध देतात, आणि काय काम करतोस हे विचारायचे राहून जाते. रोग्याला त्याचा धंदा विचारावा, असा आग्रह बर्नार्दिनो रामात्सिनी या इटालियन वैद्याने १७०० मध्ये कारागिरांच्या रोगांवरील ग्रंथात धरला होता. मडक्यांना शिशाची झिलई देणाऱ्या कुंभारांचे हाल त्याने त्याच ग्रंथात नोंदवले.

रक्ताची तपासणी हाच खरा आरसा. एक डेसिलिटर, म्हणजे शंभर मिलिलिटर रक्तात किती मायक्रोग्रॅम शिसे आहे हे तीत मोजतात. मायक्रोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा दहा लाखावा हिस्सा. हा आकडा ५ किंवा त्याहून अधिक निघाला तर शिसे कोठून येते ते शोधावे आणि तो संपर्क तोडावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले. पश्चिम महाराष्ट्रातील बॅटरी-कामगार, चांदीकाम करणारे कारागीर आणि फवाऱ्याने रंग देणारे रंगारी यांच्या रक्ताची तपासणी करून वैद्यकीय संशोधकांनी या शतकाच्या पहिल्या दशकात जे निबंध प्रसिद्ध केले, त्यांत बॅटरी व चांदीच्या कामगारांचा सरासरी आकडा ५० च्या आसपास होता, रंगाऱ्यांचा विशीच्या घरात, आणि तुलनेसाठी घेतलेल्या इतर लोकांचा १२ च्या आसपास. चांदीकामात शिसे कसे, असे कोणी विचारील. हिणकस चांदी शुद्ध करण्याच्या जुन्या रीतीत तिच्याबरोबर शिसे वितळवतात. शिसे हीण घेऊन जळते, चांदी मागे उरते, आणि जळालेले शिसे भट्टीपुढे बसलेल्या माणसाच्या वाट्याला येते. ५० हा आकडा किती सूक्ष्म आहे हेही पाहण्यासारखे आहे. पाच लिटर रक्तात त्या हिशेबाने सगळे मिळून अडीच मिलिग्रॅम शिसे भरते. साखरेचे चार-पाच दाणे काट्यावर ठेवावेत, एवढेच ते वजन.

आता या विषापासून सांभाळण्याचे शिक्षण आज कसे दिले जाते ते पाहू. पुष्कळ ठिकाणी ते तासाभराच्या व्याख्यानात उरकते. भिंतीवर एक तक्ता लागतो, हजेरीपटावर सह्या होतात, आणि कागदोपत्री कामगार प्रशिक्षित ठरतो. तक्ता इंग्रजीत किंवा फार तर मराठीत; भट्टीवर उभा असलेला माणूस पुष्कळदा बिहारचा किंवा ओडिशाचा. काही ठिकाणी या जोडीला दूध आणि गूळ वाटण्याची प्रथा आहे. दूध-गूळ वाईट नाही. दुधातील कॅल्शियमाने आणि चांगल्या आहाराने शिसे अंगी लागण्याचे प्रमाण थोडे घटू शकते. पण दुधाने विष धुऊन निघते, गुळाने धूळ खाली उतरते, ही समजूत मात्र घातक आहे, कारण ती कामगाराला आपण सुरक्षित आहोत असे वाटायला लावते. गुळाचा खडा त्याच करड्या हाताने तोंडात टाकला गेला तर प्रतिबंधाच्या नावाखाली विषच पोटात जाते.

खरे शिक्षण कामाच्या जागी उभे राहून, त्या कामगाराच्या भाषेत आणि त्याच्या रोजच्या सवयी हेरून द्यावे लागते. महाराष्ट्रातील कारखान्यात ते तंबाखूपासून सुरू करावे हे उत्तम. डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना, उजव्या अंगठ्याने मळणे, दोन चापट्या, आणि चिमूट ओठाखाली. ही क्रिया पाळीत किती वेळा होते ते मोजायला कामगारालाच सांगावे. तळहातावर जे काही असेल ते तंबाखूबरोबर मळले जाऊन थेट तोंडात जाते. शिशाची धूळ पोटात पोहोचवण्यासाठी याहून सोपी युक्ती मुद्दाम शोधूनही सापडणार नाही. विडीचेही तेच. हे सांगून पटत नाही, दाखवून पटते. अमेरिकेतील शासकीय संशोधकांनी तयार केलेली एक ओली पट्टी मिळते. हातावर शिसे असले तर पुसल्यानंतर ती लाल होते. नुसत्या पाण्याने हात खंगाळून आलेल्या माणसाच्या हातावर ती फिरवावी. पट्टीवर उमटलेला लाल डाग जे काम अर्ध्या क्षणात करतो ते दहा व्याख्यानांनी होत नाही. काही प्रशिक्षक विशिष्ट दिव्याखाली चमकणारी निरुपद्रवी भुकटी कामाच्या मेजावर टाकतात आणि तासाभराने अंधार करून दिवा फिरवतात. भुकटी बाह्यांवर, मानेवर, पाण्याच्या पेल्यावर, दाराच्या कडीवर आणि कोणाच्या तरी जेवणाच्या डब्यावर चमकताना दिसते. अदृश्य शत्रूला दृश्य करणे हे या शिक्षणाचे पहिले कौशल्य.

दुसरा पाठ धुळीचा. बॅटरीच्या कारखान्यात शिसे वितळवून जाळ्या ओततात, शिशाची करडी भुकटी दळतात, ती आम्लात व पाण्यात कालवून लगदा करतात, तो जाळ्यांवर थापून पट्ट्या वाळवतात, मग त्या घासून, रचून, जोडून पेटीत बसवतात. लगदा ओला असेपर्यंत फारसा धोका नसतो. तो जमिनीवर सांडून वाळला आणि त्यावरून पायांची व गाड्यांची ये-जा सुरू झाली की त्याची धूळ होते. म्हणून सांडलेले तत्काळ, ओले असतानाच पुसावे. झाडूने कधी झाडू नये. झाडू धूळ जमिनीवरून उचलून नाकापर्यंत आणून पोहोचवतो. सफाईसाठी गाळणी बसवलेला शोषक पंप हवा, किंवा पाणी. हवेच्या झोताने कपडे झटकण्याची सवय तर ताबडतोब मोडली पाहिजे. भट्टीवरचा आणि घासण्याच्या मेजावरचा धूर खेचून घेणारा पंखा चालू आहे याची खात्री त्याच्या आवाजावरून करू नये. आवाज येत असतो आणि आतली नळी बुजलेली असते. तोंडाशी उदबत्तीचा धूर धरून तो आत ओढला जातो का ते पाहण्यास कामगाराला शिकवावे. ओढला जात नसेल तर काम थांबवून कोणाला सांगायचे, हेही त्याच वेळी नावानिशी सांगावे. तोंडाला बांधलेला रुमाल शिशाच्या सूक्ष्म कणांना अडवत नाही. गाळणीचा मुखवटा अडवतो, पण चेहऱ्याला घट्ट बसला तरच. दाढीवर तो बसत नाही, आणि मे महिन्याच्या उकाड्यात आठ तास तो कोणीही घालून ठेवत नाही. तेव्हा मुखवटा हा शेवटचा आधार, पहिला नव्हे.

तिसरा पाठ घराचा, आणि कामगाराच्या मनाला हाच अधिक भिडतो. कामाचे कपडे कामावरच ठेवावेत, तेथेच धुतले जावेत, स्नान करून दुसरे कपडे घालून घरी जावे, चपलाही निराळ्या असाव्यात. बाप दारात आला की मूल धावत येऊन पायांना बिलगते. सदऱ्यावरची धूळ त्याच्या हातावर आणि हातावरून तोंडात जाते. प्रौढाला जे शिसे थकवा आणते, ते वाढत्या मुलाच्या मेंदूची कायमची हानी करते. हे कपडे घरी धुणाऱ्या बाईलाही धोका असतोच. सेनेगालमधील डकार शहराच्या कडेला तियारोय या वस्तीत जुन्या बॅटऱ्यांतील शिसे गोळा करण्याचा व्यवसाय घराघराच्या आसपास चाले. नोव्हेंबर २००७ ते मार्च २००८ या काळात तेथे अठरा बालके दगावली. त्यांतील एकही बालक कामगार म्हणून कोठे नोंदलेले नव्हते. मात्र येथे एक विचारणे भाग आहे: कारखान्यात न्हाणीघर नसेल, साबण नसेल, कपडे ठेवायला दोन कप्पे नसतील, तर स्नान करून घरी जा या उपदेशाचा उपयोग काय?

या प्रश्नाने शिक्षणाच्या मर्यादेपाशी येऊन ठेपतो. टॉमस लेग हा ब्रिटनचा पहिला वैद्यकीय कारखाना-तपासनीस. शिशाची विषबाधा आढळल्यास ती सरकारला कळवण्याचे बंधन तेथे १८९५ मध्ये आले, आणि लेगची नेमणूक १८९८ मध्ये झाली. १९०० मध्ये हजाराहून अधिक रोग्यांची नोंद झाली होती. पुढील तीन दशकांत ती संख्या काही शेकड्यांवर आली. हे कामगारांना उपदेश करून झाले नाही. धूर खेचणारे पंखे, बंदिस्त यंत्रे, ठराविक काळाने वैद्यकीय तपासणी आणि काही ठिकाणी शिशाऐवजी दुसरा पदार्थ, या मार्गांनी झाले. मालकाने आपल्या बाजूचे सारे काही केल्याखेरीज कामगाराला स्वतःच्या बचावासाठी जवळजवळ काहीच करता येत नाही, असा निष्कर्ष लेगने आयुष्यभराच्या अनुभवातून काढला. इमारतींच्या आतील रंगकामात सफेत्याला मनाई करणारा करार १९२१ मध्ये आंतरराष्ट्रीय श्रमपरिषदेत संमत झाला होता. तो मान्य करण्यास ब्रिटिश सरकारने नकार दिला, तेव्हा १९२६ मध्ये लेगने राजीनामा दिला. सरकारी नोकरीत अठ्ठावीस वर्षे घालवलेल्या अधिकाऱ्याने एका रंगाच्या प्रश्नावर खुर्ची सोडावी ही काही नित्य घडणारी गोष्ट नाही. प्रशासनातील लोकांनी तिची आठवण ठेवायला हरकत नाही.

म्हणून कामगारांच्या शिक्षणात हात कसे धुवावेत याच्या बरोबरीने, काय मागण्याचा त्यांना अधिकार आहे, हेही शिकवले गेले पाहिजे. भारतात १९४८ च्या कारखाना अधिनियमाने शिशाची विषबाधा हा कळवणे बंधनकारक असलेला रोग ठरवला, आणि त्या रोगांच्या यादीत तिचे नाव पहिले होते. भोपाळच्या १९८४ मधील दुर्घटनेनंतर, १९८७ मध्ये, त्या अधिनियमात जी कलमे वाढवली गेली त्यांतील एकाने कामगाराला आरोग्य व सुरक्षिततेची माहिती मागण्याचा, आणि कारखान्यात किंवा मालकाच्या खर्चाने मान्यताप्राप्त संस्थेत प्रशिक्षण मिळवण्याचा हक्क दिला. प्रशिक्षण ही मालकाची मेहेरबानी न राहता कामगाराचा हक्क झाला, ही त्या दुरुस्तीतील मोठी गोष्ट. ती किती कामगारांना ठाऊक झाली हा प्रश्न वेगळा. २०२० मध्ये संसदेने संमत केलेली व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थितीची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अमलात आली आणि जुना अधिनियम तिच्यात विलीन झाला; शिशाची विषबाधा कळवण्याजोग्या रोगांच्या यादीत कायम आहे.

१९८७ च्या दुरुस्तीनेच कारखान्यातील हवेत किती शिसे चालेल याची मर्यादाही घातली: एक घनमीटर हवेत ०.१५ मिलिग्रॅम. अमेरिकेने १९७८ मध्येच ही मर्यादा ०.०५ वर आणली होती, म्हणजे आपल्या एक-तृतीयांश. कॅलिफोर्निया राज्याने २०२५ पासून ती ०.०१ केली. आठ तासांच्या पाळीत माणूस सुमारे दहा घनमीटर हवा श्वासावाटे घेतो. ०.१५ च्या हिशेबाने दीड मिलिग्रॅम शिसे रोज नाकातून आत जाते, आणि तरी कोणताही नियम मोडलेला नसतो. कामगाराला शिकवताना हा आकडा झाकून ठेवू नये. नियमात बसणारी हवा आणि निर्धोक हवा या दोन वस्तू एक नाहीत.

मोठ्या कारखान्यांत निदान यंत्रणा असते. मुंबईला शीव येथे केंद्रीय श्रम संस्था आहे, अहमदाबादला राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्था आहे, बंगळूरला सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयात शिशाच्या प्रश्नाला वाहिलेले राष्ट्रीय केंद्र उभे राहिले. डॉक्टर, तपासनीस आणि सुरक्षा अधिकारी यांना शिकवण्याची सोय देशात नाही असे म्हणता येणार नाही. जेथे काहीच पोहोचत नाही ती जागा म्हणजे गावाबाहेरची भट्टी. मोटारीच्या एका बॅटरीत आठ-दहा किलो शिसे असते आणि ते पुन्हा पुन्हा वितळवून वापरता येते, म्हणून भंगारवाल्याला ती हवी असते. कुऱ्हाडीने पेटी फोडायची, आम्ल जमिनीत ओतायचे, पट्ट्या कोळशाच्या भट्टीत टाकायच्या. जुन्या बॅटऱ्या नोंदणीकृत कारखान्यांकडेच जाव्यात असे २००१ चे नियम सांगत आणि २०२२ चे नवे नियमही तेच सांगतात. भट्टीवर चार माणसे असतात, त्यांत बहुधा घरचीच दोन. जुन्या अधिनियमात विजेवर चालणारा कारखाना दहा कामगारांपासून मोजला जाई. नव्या संहितेत तो वीसपासून मोजला जातो. धोकादायक व्यवसायात एकच माणूस असला तरी अधिसूचना काढून संहिता लागू करता येईल, अशी तरतूद तीत आहे. शिसे वितळवणे हा असा व्यवसाय नव्हे असे कोण म्हणेल?

आता रक्तातील आकड्याविषयी. तपासणी पुष्कळ ठिकाणी होते, पण आकडा कचेरीच्या कपाटात राहतो. ज्याचे रक्त त्याला तो कळत नाही. तो कागदावर लिहून कामगाराच्या हाती द्यावा, मागच्या वेळच्या आकड्याशेजारी ठेवून समजावून सांगावा. ३० चा ४५ झाला तर मधल्या तीन महिन्यांत काय बदलले हे तोच नेमके सांगू शकतो: पंखा बंद होता, घासण्याच्या मेजावर बदली झाली, जादा पाळ्या केल्या. आकडा वाढला की त्याला शिशापासून दूर असलेल्या कामावर बदलणे हाच मुख्य उपाय. शिसे लघवीवाटे काढणारी औषधे आहेत, ती रुग्णालयात देखरेखीखाली घ्यायची असतात. औषध देऊन माणसाला पुन्हा त्याच धुळीत उभे करणे हे उपचारात मोडत नाही. पण कामगार रक्त द्यायला कचरतो, आणि त्याला अज्ञानी म्हणून चालणार नाही. आकडा वाढला तर काम जाईल, हे त्याचे भय अनुभवातून आलेले असते. कंत्राटी मजुराचे तर जातेच. त्याच्या जागी नवे रक्त येते आणि कारखान्याची सरासरी छान दिसते. अमेरिकेतील १९७८ च्या नियमाने ही गाठ ओळखली होती. आकडा ठराविक मर्यादेपलीकडे गेल्यावर कामगाराला शिशाच्या कामावरून हलवायचे, आणि अठरा महिन्यांपर्यंत त्याचे वेतन व ज्येष्ठता कायम ठेवायची, असे बंधन तेथे मालकावर आहे. आपल्याकडे एखाद्या मालकाने स्वतः होऊन असे लेखी अभिवचन दिले, तर रक्त देण्यासाठी कामगारांची वेगळी समजूत घालावी लागणार नाही.

शिक्षणाचा पहिला दिवस कोणता असावा, हेही यावरूनच ठरते. बहुतेक ठिकाणी कामगार कायम झाल्यावर त्याला वर्गात बसवतात. तोवर वर्ष-दोन वर्षे गेलेली असतात. तो दिवस पहिल्या पाळीच्या आधीचा हवा, आणि कंत्राटदाराच्या माणसालाही तोच लागू हवा. त्या दिवशी त्याला दोन कप्पे, साबण, कपड्यांचे जोड आणि न्हाणीघर दाखवावे, पट्टीचा लाल डाग दाखवावा, आणि भट्टीजवळ जाण्यापूर्वीच त्याच्या रक्ताचा नमुना घ्यावा. हा पहिला आकडा नोंदलेला नसेल तर सहा महिन्यांनी निघालेल्या ४० मधले किती त्याने बाहेरून आणले आणि किती या कारखान्याने दिले, हे कोणालाच ठरवता येत नाही.